एकाच घरातले तीन गुडघे

पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला राहतो. सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेत, एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘ग्रेड थ्री’ लिहिलंय, म्हणजे झिजेच्या चारपैकी तिसरी पायरी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या रोज पहाटे पर्वती चढायच्या, आता देवघरातल्या पाटावरून उठताना भिंत धरतात. धाकटा दीर २८ वर्षांचा. गेल्या वर्षी कबड्डी खेळताना उजव्या गुडघ्यावर पडला. एमआरआयमध्ये कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, दोन बाय दोन सेंटिमीटरचा खड्डा दिसतोय. मधूनच त्याचा गुडघा अडकतो.

मागच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका क्लिनिकच्या लोकांनी व्याख्यान दिलं. पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल्स (मूळ पेशी) गुडघ्यात सोडायच्या, सोबत पीआरपीची, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या द्रवाची इंजेक्शनं, आणि ‘सहा महिन्यांत नवी कूर्चा’. एका गुडघ्याचे १,९०,००० रुपये. तिन्ही गुडघे एकदम केले आणि महिनाअखेरीच्या आत पैसे भरले तर सवलत. सासूबाई म्हणतात, “पाटल्या माझ्या, गुडघेही माझे. मोडू या.” नवरा म्हणतो हे सगळं थोतांड आहे, सरळ वाट्या बदलून, म्हणजे कृत्रिम गुडघे बसवून घ्या. दीर म्हणतो प्रयोगशाळेत कूर्चा खरोखर वाढवतात, मी वाचलंय. कोणाचं ऐकू?
— स. न., कर्वेनगर

उत्तर:

ताई, ती महिनाअखेरीची तारीख आधी डोक्यातून काढून टाका. गुडघ्याच्या कोणत्याही खऱ्या उपचाराला सेलसारखी शेवटची तारीख नसते. या महिन्यात त्या क्लिनिकला एक रुपयाही देऊ नका आणि पाटल्या कपाटातच राहू द्या.

तुमचा दीर खरं बोलतोय. नवऱ्याच्या बोलण्यातही तथ्य आहे. पण दोघं वेगवेगळ्या गुडघ्यांबद्दल बोलताहेत, आणि त्या व्याख्यानात नेमका हाच फरक पुसून टाकला गेला. दिराच्या गुडघ्याला जखम झालीय. सासूबाईंच्या गुडघ्यांना आजार झालाय. कूर्चा दोन्हीकडे गेलीय, म्हणून उपचार एकच, असं होत नाही.

मी पस्तीस वर्षं गुडघे उघडले. निरोगी कूर्चा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला शहाळ्यातली मलई आठवली. तशीच पांढरी, ओली, चकचकीत, पण दाबलं की चिवटपणे परत वर येणारी. जाडी जेमतेम दोन ते चार मिलिमीटर. एवढ्याशा थरावर साधं सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो आणि तो थर साठ-सत्तर वर्षं टिकतो. जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी, त्या पाण्याला धरून ठेवणारे साखर-प्रथिनांचे झुपके, आणि त्या सगळ्याला बांधणारं कोलॅजनच्या तंतूंचं विणकाम. जिवंत पेशी त्यात फारच थोड्या, शंभर भागांत दोन-चार. रक्तवाहिनी एकही नाही, मज्जातंतूही नाही.

घोडं इथेच अडतं. बोट कापलं तर रक्त येतं, खपली धरते, नवी कातडी येते. कूर्चेला चीर पडली तर तिथे रक्तच पोचत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हेच मांडलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही. डॅनिश संशोधकांनी २०१६ मध्ये याची फार सुंदर पडताळणी केली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत एक विशिष्ट कार्बन वाढला होता आणि अन्नावाटे तो सगळ्यांच्या शरीरात गेला. कूर्चेच्या कोलॅजनमधला हा कार्बन मोजल्यावर दिसलं, की मोठेपणी हे कोलॅजन जवळजवळ बदलतच नाही, वाढीच्या वयात विणलं गेलं तेच जन्मभर पुरतं. म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यातलं विणकाम त्यांच्या शाळेच्या दिवसांतलं आहे. (कोलॅजनच्या पावडरचे डबे घरात आणले असतील तर पुढचा आणू नका. ते प्रथिन पोटात पचतं, गुडघ्यापर्यंत जाऊन विणलं जात नाही.)

आता दिराबद्दल. कूर्चा वाढवण्याचं शास्त्र खरोखर त्याच्यासारख्यांसाठीच जन्माला आलं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९८७ मध्ये रुग्णाच्याच कूर्चेचा छोटा तुकडा घेऊन, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या परत त्याच्याच गुडघ्यातल्या खड्ड्यात भरायला सुरुवात झाली. पहिल्या २३ रुग्णांचा अहवाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचे गुडघे दोन वर्षांनी चांगले किंवा उत्तम होते. वाटीच्या मागच्या बाजूला खड्डा असलेल्या सात जणांपैकी मात्र फक्त दोघांचे. आणि या रुग्णांचं वय होतं १४ ते ४८. हा आकडा मी मुद्दाम लिहितेय. सासूबाईंच्या वयाचं, झिजलेल्या गुडघ्याचं त्यात कोणी नव्हतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण पेशी वाढवण्यात एक मोठी खोच आहे. कूर्चेची पेशी सपाट काचेवर किंवा प्लास्टिकवर वाढवली तर ती संख्येने वाढते, पण आपला धर्म विसरते. गोल असते ती लांबट होते आणि कूर्चेचं कोलॅजन सोडून व्रणात असतं तसलं कोलॅजन बनवू लागते. तिला पुन्हा स्वतःची ओळख यावी म्हणून चहूबाजूंनी आधार द्यावा लागतो. कधी जेलमध्ये, कधी कोलॅजनच्या पडद्यावर, कधी स्पंजासारख्या सांगाड्यात ठेवून. काही प्रयोगशाळांत या वाढत्या तुकड्याला रोज ठरावीक दाब देतात, कारण दाब पडल्याशिवाय कूर्चा बळकट होत नाही. तालमीत घाम गाळल्याशिवाय पोराचं अंग भरत नाही, तसंच हे. अमेरिकेत अशा पडद्यावरच्या पेशींच्या उपचाराला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, आणि भारतातही स्वतःच्या कूर्चापेशी वाढवून रोपण करायला २०१७ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. म्हणजे दिराला स्वीडनला जायची गरज नाही.

पण त्याने लगेच हुरळून जाऊ नये. गुडघा अडकतो याचा अर्थ आत कूर्चेचा सुटा तुकडा फिरत असेल किंवा दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) फाटलेली असेल. गुडघा बांधून ठेवणारे दोर, म्हणजे लिगामेंट, शाबूत आहेत का? पाय सरळ आहे की किंचित बाकदार? दोर तुटलेला किंवा पाय वाकडा असेल आणि तो तसाच ठेवून वर कितीही सुरेख कूर्चा बसवली, तरी ती वर्ष-दोन वर्षांत पुन्हा उखडते. खड्डा लहान, साधारण दोन चौरस सेंटिमीटरच्या आतला असता, तर खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त वर आणण्याची साधी शस्त्रक्रिया किंवा गुडघ्याच्याच कमी भार पडणाऱ्या जागेतून हाडासकट खुंटी काढून बसवणं, यांवर भागलं असतं. भोकं पाडून जे उगवतं ते व्रणासारखं, कमी टिकाऊ असतं, हेही सांगून ठेवते. त्याचा खड्डा चार चौरस सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे पेशी-रोपणाचा विचार नक्की व्हावा.

त्यात काय करावं लागतं तेही त्याला आधीच सांगा. दोन वेळा टेबलावर जावं लागतं. पहिल्यांदा दुर्बिणीतून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा काढतात. मग साधारण महिना-दीड महिना पेशी वाढतात. दुसऱ्यांदा खड्डा साफ करून त्या बसवतात. नंतर सहा-आठ आठवडे कुबड्या आणि रोज फिजिओथेरपी. धावायला-उड्या मारायला नऊ महिने ते वर्षही लागतं, आणि कबड्डीच्या मैदानावर परत जाईलच असं वचन कोणताही प्रामाणिक सर्जन देणार नाही. हे सगळं पोटाची चरबी काढायच्या त्या क्लिनिकच्या पद्धतीशी ताडून पाहा. एका दुपारी चरबी काढून, गाळून, त्याच दिवशी इंजेक्शनने सोडली, तर त्या पेशी खड्ड्यातच जाऊन बसतील आणि कूर्चाच बनवतील हे कोणी ठरवलं?

आता सासूबाई. इथे मला जरा थांबून लिहायचंय, कारण फसवणूक इथेच होते.

पावसाळ्यात आपल्या पुण्यातले रस्ते आठवा. चांगल्या रस्त्यावर एखादा खड्डा पडला तर डांबर घालून बुजवता येतो. पण खालची ड्रेनेजची लाइन फुटलीय, पाणी मुरतंय, भराव खचलाय, अशा रस्त्यावर वरून कितीही डांबर ओता, चार दिवसांत ते वाहून जातं. दिराचा खड्डा पहिल्या जातीचा आहे, सासूबाईंचे गुडघे दुसऱ्या. झिजेचा संधिवात हा फक्त कूर्चेचा आजार नाही. कूर्चेखालचं हाड टणक होतं, कडेने त्याला काटे फुटतात, आतलं अस्तर सुजतं, गादी फाटते, मांडीचे स्नायू बारीक होतात. सुजलेल्या अस्तरातून अशी रसायनं झिरपत राहतात की जी कूर्चा उरलीय तीही कुरतडली जाते. अशा सांध्यात नाजूक नव्या पेशी सोडणं म्हणजे खारपड जमिनीत रोप लावणं. ते रोप नर्सरीत कितीही टवटवीत असो.

जगातले संशोधक यावर जीव तोडून काम करताहेत आणि मला त्याबद्दल मनापासून आशा वाटते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या मंडळींनी नाकाच्या पडद्यातली कूर्चा वापरायला घेतली. नाकाच्या पेशी दणकट असतात, सुजेतही तग धरतात, वय झालं तरी चांगल्या वाढतात. २०१६ मध्ये त्यांनी जखमी गुडघ्यांच्या दहा रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये झिजलेल्या गुडघ्यांवरच्या पहिल्या वापराचा अहवाल आला. त्यात रुग्ण किती होते? दोन. अमेरिकेच्या सरकारी संस्थेने सांधा आतून पुन्हा उगवावा यासाठी २०२३ मध्ये मोठा कार्यक्रमच हाती घेतला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढी नामांकित विद्यापीठं अजून पहिल्या पायऱ्या चढताहेत, ती गोष्ट कर्वेनगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पॅकेज म्हणून विकायला आली. तुम्हीच विचार करा.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. आपल्याकडे झिजेच्या गुडघ्यासाठी दात्याच्या अस्थिमज्जेतून तयार केलेल्या पेशींच्या एका इंजेक्शनला २०२२ मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आहे. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडसाठी आहे, त्यामुळे सासूबाईंबाबत त्याची चर्चा डॉक्टरांशी जरूर करा. वेदना कमी होणं, हालचाल सुधारणं यासाठी ते आहे. ‘नवी कूर्चा’ हा शब्द कोणी त्याला जोडला तर सावध व्हा. ते औषध आहे, त्याला परवाना आहे, बॅच नंबर आहे, कुपीत किती पेशी आहेत ते लिहिलेलं असतं. त्या क्लिनिकच्या चरबीच्या अर्काला यातलं काय आहे?

कुपीत कोणत्या पेशी आहेत हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो ते दक्षिण कोरियाने भोगलंय. तिथे २०१७ मध्ये गुडघ्याच्या झिजेवर पेशींचं एक इंजेक्शन मंजूर झालं. त्यातल्या जनुक बदललेल्या पेशी कूर्चेच्या असल्याचं सांगितलं होतं. २०१९ मध्ये उघड झालं की त्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशी होत्या. परवाना रद्द झाला. सरकारी तपासणीतून गेलेल्या औषधाचं हे झालं. आपल्या गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारी पेढी तिथे आहे. अशा ठिकाणी पेशीची ओळख पटवणं हे पहिलं काम असतं. मग जी पेशी माणसाच्या सांध्यात जाणार, तिची ओळख कोणी पटवली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

म्हणून क्लिनिकला फोन करायचाच असेल तर एवढंच विचारा: या उपचाराला औषध नियंत्रकांचा परवाना आहे का, असल्यास त्याचा कागद दाखवा. “हा प्रयोग आहे” असं उत्तर आलं तर सीटीआरआयचा, म्हणजे भारताच्या चाचणी-नोंदवहीचा क्रमांक मागा. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. आणि प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे कसे घेता, हेही विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसारख्या मान्य उपचारांपलीकडे स्टेम सेल्स फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. उत्तर गुळमुळीत आलं की फोन ठेवा. पीआरपीचंही सांगते. ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर ना वेदनेत ना कूर्चेच्या आकारमानात, मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फारसा फरक दिसला नाही.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या बहिणीने अशाच एका ठिकाणी दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शनं घेतली. मला सांगितलं नाही, कारण “तू ऑपरेशनच सांगशील” असं तिला वाटलं. सहाव्या दिवशी डावा गुडघा नारळाएवढा सुजला, अंगात १०३ ताप. आत पू झाला होता. दोनदा दुर्बिणीने गुडघा धुवावा लागला, सहा आठवडे अँटिबायोटिक्स चालली. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांनी फोन उचलला नाही. ती आज चालते, पण तो गुडघा पुरता वाकत नाही. तिच्या भीतीकडे मी वेळेवर लक्ष दिलं असतं तर, हे मला आजही टोचतं. म्हणून सासूबाईंना ओरडू नका. पाटल्या मोडायला निघालेल्या बाईला पर्वती परत चढायची आहे, एवढंच त्यातून समजून घ्या.

त्यांच्यासाठी आजपासून काय करता येईल? पाट बंद. देवघरात खुर्ची किंवा उंच स्टूल. भारतीय बैठकीचा संडास असेल तर कमोड बसवून घ्या, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. काठी घेत असतील तर ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. आपल्याकडे बहुतेक जण दुखणाऱ्या बाजूलाच धरतात आणि काठीचा निम्मा उपयोग वाया जातो. वजन जास्त असेल तर लक्षात ठेवा, एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वेदनेसाठी आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून पाहायचं. पोटातल्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, त्यातही रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर नक्कीच.

आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे मांडीचा स्नायू. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, मनात दहा आकडे मोजायचे, सोडायचं. एका पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरा व्यायाम खुर्चीतून उठायचा. हात छातीशी घडी घालून उठायचं आणि हळू बसायचं. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते दुखणं उतरलं तर घाबरू नका, सूज आली तर कमी करा. चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-चार वेळा जाऊन पद्धत पक्की करून घ्या. सोबत सकाळी सपाट जागी चालणं. सारसबागेत जाऊ द्या, पर्वती आत्ता नको. बारा आठवडे हे नेटाने करायला हवं, पंधरा दिवसांत “फरक नाही” म्हणून सोडायचं नाही.

एवढं करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड होत असेल, तर तुमच्या नवऱ्याचं म्हणणं ऐकायची वेळ आली असं समजा. वाट्या बदलणं म्हणजे हार मानणं नाही. २०१९ च्या एका मोठ्या पाहणीत पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकले होते. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारने कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. पाटल्यांचा विषय काढायचाच असेल तर तेव्हा काढू.

दिराला म्हणा, एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घेऊन खेळाडूंच्या गुडघ्यांवर काम करणाऱ्या सर्जनला भेट. दोन्ही पायांचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रेही लागेल. तोपर्यंत कबड्डी बंद, गुडघा अडकला तर जोर लावून सोडवायचा नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आज संध्याकाळी त्यांना भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसवा, घड्याळ लावा, आणि तीस सेकंदांत हात न टेकता त्या किती वेळा उभ्या राहतात ते मोजा. तीन आला तरी चालेल, शून्य आला तरी चालेल. तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. बारा आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा.